तुम्ही विचारलंत म्हणून: स्वभावाला औषध आहे का?

तत्त्वज्ञान शिकवते म्हटलं की लग्नाचा मांडव असो की एसटी, पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘मॅडम, स्वभावाला औषध नाही म्हणतात. मग नीतिशास्त्र शिकवून मुलं चांगली होतात का हो?’ इतकी वर्षं मी ‘होतात थोडीफार’ म्हणून वेळ मारून नेली. प्रश्न त्याहून मोठा आहे, म्हणून आज नीट सांगते.

आमच्या कॉलेजातल्या एका मुलाला स्टँडवर पाकीट सापडलं. आत नऊ हजार रुपये आणि दवाखान्याची पावती. पावतीवरून पत्ता काढून, पदरचे पैसे घालून तो शेजारच्या गावी गेला आणि पाकीट ज्याचं त्याला देऊन आला. कॉलेजनं शाल-श्रीफळ देऊन त्याचं कौतुक केलं. चार महिन्यांनी वार्षिक परीक्षेत मी सुपरव्हिजनला होते. हा दुसऱ्या रांगेत, सारखा डाव्या मनगटाकडे बघणारा. बाहीची घडी उलगडली तर आत बोटभर रुंदीची चिठ्ठी, दोन्ही बाजूंनी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेली. घामानं शाई फुटली होती.

स्टाफरूममध्ये लगेच दोन तट पडले. एकांचं म्हणणं, पाकिटाचं सगळं नाटक होतं, आता खरा रंग दिसला. दुसरे म्हणाले, असा मुलगा कॉपी करणारच नाही, चिठ्ठी कुणीतरी त्याच्याकडे दिली असेल. चिठ्ठी मी माझ्या हातानं काढली होती, आणि पाकीट परत मिळालेला माणूस कॉलेजात येऊन गेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि त्या एकाच मुलाच्या आहेत हे कुणालाच सहन होत नव्हतं. मलाही नाही.

मी त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो रडला नाही, गयावया केली नाही. त्याला खरोखरच कळत नव्हतं. म्हणाला, ‘मॅडम, पाकीट दुसऱ्याचं होतं. पेपर तर माझाच आहे ना?’

या वाक्यानं मला पुन्हा अभ्यासाला बसवलं. अमेरिकेत ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांनी 1920च्या दशकात दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला होता. पेपर गोळा करायचे, गुपचूप त्यांची नक्कल ठेवायची आणि मग तेच पेपर मुलांकडे तपासायला द्यायचे, म्हणजे कुणी उत्तर बदललं ते कळतं. कुठे खेळात, कुठे घरी दिलेल्या कामात, कुठे हाताशी आलेल्या नाण्यांच्या बाबतीत फसवायची संधी ठेवायची. 1928 ते 1930 या काळात निष्कर्ष छापून आले. त्याच प्रकारच्या प्रसंगात मूल बऱ्याच अंशी तसंच वागतं, पण वर्गात फसवणारं मूल खेळातही फसवेल असं फारसं सांगता येत नाही. आमच्या स्टाफरूममधलं भांडण तिथे आकड्यांत मांडलेलं होतं.

आता तत्त्वज्ञांची बाजू. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते सद्गुण ही माणसात मुरलेली, टिकाऊ गोष्ट. घरं बांधून माणूस गवंडी होतो, तसा न्यायाची कृत्यं करून न्यायी होतो. हे मी जीव ओतून शिकवत आले आहे. 1958 साली एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या इंग्रज विदुषीनं बजावलं होतं की मनाच्या व्यवहाराची नीट तात्त्विक समज हाती येईपर्यंत नीतीचं तत्त्वज्ञान बाजूला ठेवलेलं बरं. पुढे गिल्बर्ट हार्मन आणि जॉन डोरिस या अमेरिकन तत्त्वज्ञांनी असेच प्रयोग पुढे करून विचारलं, तुम्ही ज्याला शील म्हणता ते असं मुरलेलं कुणात असतं तरी का?

त्यांच्याजवळचा सगळ्यात जड पुरावा म्हणजे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रमचा प्रयोग. 40 साधी माणसं. चुकलेल्या उत्तराला समोरच्याला विजेचा झटका द्या, असा हुकूम. झटके खोटे होते, पण हे त्यांना माहीत नव्हतं. 26 जण शेवटच्या, 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. याच प्रयोगाचा दुसरा प्रकार मात्र फार कमी सांगितला जातो. त्यात शेजारी बसलेल्या दोघांनी मध्येच ‘आम्ही नाही करणार’ म्हणून हात काढून घेतला. तेव्हा 40 पैकी फक्त 4 जण शेवटपर्यंत गेले. मी वर्गात हे सांगते तेव्हा थांबते आणि मुलांना एकमेकांकडे बघायला सांगते. तुमच्या शेजारच्याचं शील थोडंफार तुमच्याही हातात असतं.

तरीही शील नावाचं काही नसतं, हे मला पटत नाही, आणि त्याचं कारण त्या मुलाचं वाक्य आहे. संशोधकांच्या यादीत पाकीट आणि पेपर ‘प्रामाणिकपणा’ या एकाच मथळ्याखाली येतात. त्याच्या मनात ते दोन वेगळ्या खणांत होते. एका खणात दुसऱ्याचं धन, दुसऱ्यात स्वतःची धडपड. स्वतःच्या हिशोबानं तो अगदी सुसंगत वागत होता. वागणं कुठे फुटतं ते मानसशास्त्रानं मला दाखवलं, आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण हे दोन खण एकच आहेत, कारण त्या मार्कांवर मागच्या बाकावरच्या मुलीचा नंबर जातो आणि ती ज्याला ओळखतही नाही असा कुणीतरी तिचं घेऊन जातो, हे कुठला प्रयोग सांगणार? ते युक्तिवादानंच दाखवावं लागतं. अ‍ॅरिस्टॉटल ज्याला व्यवहारातलं शहाणपण म्हणतो, ते मला इथे सापडतं. समोरचा प्रसंग कुठल्या जातीचा आहे ते ओळखणारी नजर. तिलाही गवंड्याच्या हातासारखा सराव लागतो.

म्हणून कुणाला ‘तो तसलाच’ म्हणताना माझी जीभ आता अडखळते. मी नियमाप्रमाणे कॉपीची केस केली, पेपर रद्द झाला, त्यानं ऑक्टोबरला तो पुन्हा दिला. पण केस करायच्या आधी मी त्याला मागच्या बाकाची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘हे आधी कुणी सांगितलंच नाही.’

तेव्हापासून दर वर्षी पहिल्या तासाला मी फळ्यावर त्याचं वाक्य लिहिते, नाव न घेता, आणि मुलांना भांडू देते. तास संपतो तरी भांडण संपत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी उभी राहिली. ‘मॅडम, मग इंटर्नलला सगळ्यांना सरसकट अठरा देतात, ते कुठल्या खणात?’ वर्ग चिडीचूप. ते अठरा मीच देत आले होते, मुलांचं नुकसान नको म्हणून. माझ्या हिशोबात ती माया होती. मी म्हटलं, ‘बाळ, त्याच खणात.’

त्या वर्षी इंटर्नलचे मार्क भरायला मला तीन संध्याकाळी लागल्या.