तुम्ही विचारलंत म्हणून : रोज लावायचा लाकडी सुगंध

लिफ्टमध्ये, बैठक संपल्यावर, कधी प्रवासात शेजारी बसलेला अनोळखी माणूसही विचारतो, “काय लावता हो तुम्ही?” पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला : “रोज लावायला, खिशाला परवडेल असं, लाकडी वासाचं काही सांगा ना.” मी घाईत एखादं नाव सांगून पुढे जातो आणि मग ते मनात राहतं, कारण नुसत्या नावाने विचारणाऱ्याचं काम होत नाही. आज सवडीने सांगतो.

कमी पैशात घ्यायचं असेल तर सीडर आणि वाळा यांच्याकडे वळा. चंदन आणि ऊद स्वस्तात शोधू नका.

चंदनाचं तेल झाडाच्या गाभ्यात असतं आणि तो गाभा भरायलाच 15-20 वर्षं लागतात. ऊद अगरूच्या खोडाला बुरशीची लागण झाली की तिथे धरणाऱ्या राळेतून मिळतो, म्हणजे तो प्रत्येक झाडात सापडेलच असंही नाही. अशी वस्तू कमी किमतीच्या बाटलीत खरी असणं अवघड आहे. तिथे त्यांच्या जागी प्रयोगशाळेत बनवलेले रेणू येतात. रेणू वाईट असतात असं मी म्हणत नाही. जावनॉलसारखा चंदनी रेणू मला फार आवडतो. पण स्वस्त बाटलीत चंदनाच्या नावाखाली बहुतेक वेळा नुसता गोडवा हाती लागतो, आणि ऊदाच्या नावाखाली घशाशी येणारा उग्रपणा.

वाळ्याचं तसं नाही. ती गवताची मुळं, वर्ष-दीड वर्षात खणून काढता येतात. त्यांच्या तेलात शंभराहून अधिक घटक असतात, म्हणून त्याचा वास एकाच वेळी मातकट, थोडा धुरकट आणि तरी स्वच्छ लागतो. सीडरही आवाक्यातलं. बाटलीवर ज्याला ‘व्हर्जिनिया सीडर’ म्हणतात ते झाड खरं तर जुनिपर या सदाहरित झाडाच्या जातीचं, आणि पेन्सिली त्याच लाकडाच्या करत. नुकतीच टोक काढलेली पेन्सिल नाकाशी धरून पाहा. तो कोरडा, नेटका वास तुम्हाला आवडला तर तुमचा निम्मा शोध तिथेच संपला.

आता चुकतं कुठे ते सांगतो. काही वर्षांपूर्वी मी कागदाच्या पट्टीवर 5 मिनिटं वास घेऊन एक बाटली उचलली होती. सुरुवात अप्रतिम होती, लिंबाच्या जातीचा तजेला आणि वर मिरी. दुपारपर्यंत अंगावर उरला तो साखरेसारखा चिकट गोडवा. ‘वुडी’ हा शब्द फक्त खोक्यावर होता. मी विकत घेतली होती ती सुरुवात, आणि दिवसभर वागवावा लागला तो शेवट. याचं कारण साधं आहे. लिंबाचा वास देणारा लिमोनिन 10 कार्बनांचा हलका रेणू आहे, तो भुर्रकन उडतो. सीडरमधला सेड्रॉल किंवा वाळ्यातला खुसिमॉल 15 कार्बनांचे, जड, म्हणून ते रेंगाळतात. लाकडी सुगंध तुम्हाला खरा भेटतो तो तासाभरानंतर. म्हणून मनगटावर एक फवारा मारा, दुकानातून बाहेर पडा आणि 4 तासांनी पुन्हा वास घ्या. तेव्हा जे लागेल तेच तुम्ही विकत घेताय असं धरा.

आणखी एक अडचण बरेच जण सांगतात : “टिकतच नाही.” पुष्कळदा तो टिकलेला असतो, तुमचं नाक सरावलेलं असतं. लाकडी परफ्यूममध्ये हे विशेष जाणवतं, कारण त्यांत बऱ्याचदा आयसो ई सुपर नावाचा, प्रयोगशाळेत बनवलेला रेणू असतो. 1973 मध्ये इंटरनॅशनल फ्लेवर्स अँड फ्रेग्रन्सेस या कंपनीत तो तयार झाला. सीडरसारखा, मऊ, अंगाशी राहणारा. काहींना तो जेमतेमच जाणवतो, काहींना मधूनच येतो आणि मधूनच गायब होतो. 2006 मध्ये परफ्यूम बनवणारे गेझा शोन यांनी नुसत्या याच रेणूचा ‘मॉलिक्युल 01’ हा परफ्यूम काढला. त्यामुळे वास येईनासा झाला तरी लगेच फवारे वाढवू नका, आधी शेजारच्याला विचारा. मलाही 2 तासांनी माझा वास येत नाही, आणि नेमका त्याच सुमाराला कुणीतरी विचारतं, काय लावलंय.

बाटलीवर ओ द तॉयलेत (EDT) लिहिलेलं असेल तर त्यात साधारण 5 ते 15 टक्के सुगंधी अर्क असतो, ओ द पार्फ्यूममध्ये (EDP) 15 ते 20. रोजच्यासाठी पहिलं पुरतं.

आणि नाव हवंच असेल, तर लालिक या फ्रेंच कंपनीचा ‘आंक्र नुआर’. नाताली लॉर्सों यांनी केलेला, 2006 चा. त्यात वाळा आणि सायप्रस नावाचं सूचिपर्णी झाड, आणि नामांकित घराण्यांच्या मानाने त्याची किंमत बरीच कमी असते. पण तो काळोखा आहे, ओल्या जंगलासारखा. काहींना पहिल्या भेटीत तो उदास वाटतो, म्हणून न हुंगता मागवू नका. मी सकाळी आंघोळीनंतर छातीवर एक आणि मानेमागे एक, असे 2 फवारे मारतो आणि वर शर्ट घालतो.