होळीनंतरचा दुसरा बाजार

गरोदर बायांच्या नोंदीसाठी आम्ही पुण्यात एक ॲप बनवलं आणि मेळघाटातल्या काही आशाताईंच्या हाती दिलं. पुढे नोंदी चाळताना एक गोष्ट खटकली. शेवटच्या पाळीची तारीख बहुतेकींची 1 नाहीतर 15. ताई काहीतरी भरून मोकळ्या होतात, त्यांचं प्रशिक्षण पुन्हा घ्या, असं ऑफिसात ठरलं. मीही हो म्हणाले, याचं आजही वाईट वाटतं.

जुलै 2024 मध्ये धारणी तालुक्यातल्या एका कोरकू घरी ताईंबरोबर गेले. अंगणात खाटेवर सासरा बसलेला. ताईंनी प्रश्न उघडला आणि मोबाइल खणखणीत आवाजात बोलला, "तुमची शेवटची मासिक पाळी कधी आली होती?" वाचता न येणाऱ्यांना सोपं जावं म्हणून ती सोय मीच आग्रहाने घालून घेतली होती. घरात कोरकू बोलत असले तरी एवढं मराठी सगळ्यांना कळत होतं. सासरा उठून बाहेर गेला, सून आत. शरमेने मला काही सुचेना.

ताईंनी मोबाइल पदरात गुंडाळला आणि आत जाऊन चुलीपाशी बसल्या. मीही मागोमाग गेले. दोघी कोरकूत हळू आवाजात बोलत होत्या. मग ताई माझ्याकडे वळल्या, "होळी झाली, मग दुसरा बाजार. त्या दिवशी ही घरीच होती."

"म्हणजे अंदाजे एप्रिल?"

"अंदाजे काहून मॅडम? तिला पक्कं ठाऊक आहे. तुमच्या मोबाइलात बाजार नाही. एप्रिल एवढंच कळलं तर मी 15 टाकते."

मी वहीत हिशेब मांडला. 2024 ची होळी 24 मार्चची. तिथून दुसरा आठवडी बाजार म्हणजे 1 ते 7 एप्रिल. त्यात 280 दिवस मिळवले की बाळंतपण 6 ते 12 जानेवारीच्या आसपास. ॲपमध्ये 15 एप्रिल टाकली असती तर 20 जानेवारी निघाली असती. दूरच्या गावातल्या बाईला बाळंतपणाआधी काही दिवस आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आणून ठेवतात, ते याच तारखेवरून. ॲपच्या हिशेबाने तिला आणायला गाडी निघेपर्यंत ती घरीच, कदाचित रात्री, बाळंत झाली असती.

तिने नेमका आठवडा सांगितला होता. तो लिहायला आमच्या फॉर्ममध्ये जागाच नव्हती.

परतल्यावर आवाज बंद केला. हवा असेल तरच ताईंनी चालू करायचा. तारखेशेजारी "कोणता सण, त्यानंतर कितवा बाजार" असा दुसरा रस्ता दिला. होळी दरवर्षी सरकते, 2025 मध्ये तर ती 13 मार्चला आली, म्हणून पंचांगातल्या तारखा आत भरल्या. बाजाराचा वार मात्र गावागणिक वेगळा. तो ताईंना विचारूनच भरावा लागला.

सणांची पहिली यादी घेऊन पुन्हा गेले, तेव्हा मी गुढीपाडवा आणि गणपती सगळ्यांत वर ठेवले होते. ताईंनी यादी बोटाने खाली सरकवली, होळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "ही वर घ्या."