तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं नाजूक, आणि जमिनीत तुटलं कसं नाही?

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे, त्यात नाशिकच्या खडकांतून निघालेले स्फटिक मांडलेले आहेत. घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलेला असतो. आधी किंमत विचारली जाते. मग ‘हे घासून, पॉलिश करून बनवलंय का?’ (नाही. खडकातल्या पोकळीतून निघालं तसंच आहे, फक्त धुतलंय.) आणि मग, बहुतेक वेळा एखादी आजी किंवा शाळकरी मूल विचारतं, ‘एवढं नाजूक आहे, मग डोंगराच्या ओझ्याखाली इतकी वर्षं तुटलं कसं नाही?’

नाशिकमध्ये भूशास्त्र शिकवण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. हा प्रश्न मला परीक्षेतल्या कुठल्याही प्रश्नापेक्षा जास्त आवडतो, आणि चहा संपेपर्यंत त्याचं उत्तर कधीच पुरं होत नाही. म्हणून आज सावकाश लिहिते.

ज्याच्यासमोर हा प्रश्न निघतो, आधी तो नमुना बघा. तळहातावर मावेल एवढा. खाली काळ्या दगडाची खपली, तिच्यावर स्टिल्बाइट नावाच्या खनिजाचे फिक्या नारिंगी रंगाचे स्फटिक. गव्हाची पेंढी मधोमध आवळून बांधली की दोन्ही टोकांना पसरते ना, अगदी तशी त्यांची ठेवण. त्या पेंढ्यांवर अपोफिलाइट या दुसऱ्या खनिजाचे तीन चौकोनी खांब उभे आहेत, पाण्यासारखे स्वच्छ. खांबाच्या बाजूंवर उभ्या बारीक रेघा आहेत, पण माथा सपाट आणि त्यावर मोत्यासारखी झाक. त्या माथ्याला समांतर असा हा स्फटिक पटकन फुटतो. फरशीवर पडला तर चकती निघावी तसा दुभंगेल. नखानं ओरखडा पडणार नाही, पण सुरीच्या पात्यानं पडेल. म्हणजे विचारणाऱ्याचं बरोबरच आहे, वस्तू नाजूकच आहे.

आता हा खडक. नाशिक जिल्ह्यात कुठंही उभे राहा, ब्रह्मगिरीवर, अंजनेरीवर किंवा १,५६७ मीटर उंच साल्हेरवर, पायाखाली लाव्हाच असतो. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तो थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यानं झाकलेला आहे. लाव्हात वायू विरघळलेले असतात. तो वर आला, दाब कमी झाला की वायूचे बुडबुडे होऊन माथ्याकडे धावतात, आणि तेवढ्यात वरचा भाग थिजला तर तिथंच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा माथा भोकाभोकांचा आणि मधला भाग घट्ट कातळ. विहीर खोदणाऱ्यांना हे पुस्तक न वाचता माहीत असतं. ‘मांजऱ्या लागला’ असं ते म्हणतात ते याच भोकाळ, पांढऱ्या ठिपक्यांच्या खडकाला.

ही भोकं आधी रिकामी होती, हे लक्षात ठेवा. स्फटिक लाव्हाबरोबर आला नाही, तो फार नंतर आला. वर आणखी थर साचले, खालचे दडपले गेले, आणि भेगांतून झिरपणारं पाणी त्या खोलीवर तापलं. उकळत्या पाण्याच्या आसपास, कुठं त्याहून बरंच जास्त. असं ऊन पाणी खडकातली काचेसारखी थिजलेली द्रव्यं हळूहळू विरघळवतं. सिलिका, कॅल्शियम, ॲल्युमिनियम, थोडं पोटॅशियम. पोकळीत शिरल्यावर पाण्याचा स्वभाव जरा बदलला की घेतलेलं ते तिथं ठेवून जातं. बऱ्याच पोकळ्यांत आधी भिंतीला हिरव्या मातीचा पातळ लेप बसतो, मग गारगोटी, मग स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, आणि बऱ्याच उशिरा अपोफिलाइट. काही ठिकाणच्या अपोफिलाइटचं वय मोजलं तेव्हा तो आसपासच्या लाव्हापेक्षा कोट्यवधी वर्षांनी लहान निघाला. पाण्यात थोडं व्हॅनेडियम असलं तर तोच अपोफिलाइट हिरवा होतो.

पाणी भराभर साहित्य आणून टाकू लागलं तर सगळीकडे बारीक कण धरतात आणि पोकळी पांढऱ्या गोळ्यासारखी भरून जाते. पुरवठा बेताचा असला तर मोजके स्फटिक धरतात, आणि येणारं सगळं त्यांच्याच अंगाला लागतं. भिंतीला बुडखा रोवून ते मोकळ्या जागेकडे वाढत राहतात. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या दगडखाणींनी जगभरच्या संग्रहालयांना मेसोलाइट नावाच्या खनिजाचे जे केसासारखे बारीक स्फटिक दिले, ते अशाच संथ पाण्यात वाढले.

आता ओझ्याचं. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यातला कोनाडा आठवा. वर दोन मजले, माळवद, माणसांची ये-जा, आणि कोनाड्यात मातीची पणती. पणतीवर भार येतो का? तो भिंत घेते. पोकळीभोवतीचा काळा पाषाण हीच ती भिंत, आणि बुडबुडा गोलसर असल्यामुळे भार कमानीसारखा बाजूनं उतरतो. शिवाय कोनाड्यात हवा असते, इथं पाणी होतं. पाण्याचा दाब कितीही असला तरी तो चारी बाजूंनी सारखा येतो, त्यामुळे स्फटिक एका अंगानं दाबला जात नाही. त्याला ढकलणारं, घासणारं, वाकवणारं आत काहीच नव्हतं.

याहून मोठं कारण मला आपल्या मुलखाचा शांतपणा वाटतं. ब्रह्मगिरीचे थर दुरून बघा, जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे. लाव्हा पसरला तसाच पडून राहिला. हिमालयासारखी त्याची वळकटी झाली नाही, तो पुन्हा खोल जाऊन भाजला गेला नाही. स्टिल्बाइटच्या जातीच्या या खनिजांना झिओलाइट म्हणतात, आणि त्यांच्या चौकटीत पाणी कोंडलेलं असतं. १७५६ साली स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड यांनी असा दगड तापवला तेव्हा तो फसफसला, म्हणून त्यांनी ग्रीक शब्दांवरून ‘उकळणारा दगड’ असं नाव ठेवलं. अपोफिलाइट झिओलाइट नव्हे, पण पाणी त्याच्याही पोटात आहे. इथली जमीन पुन्हा तापली असती तर यातलं काही उरलं नसतं.

हिऱ्याची गोष्ट अगदी उलटी आहे, आणि लोक रत्न म्हटलं की त्याचंच नाव घेतात म्हणून सांगते. तो दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल तयार होतो आणि वर येतो तो किंबरलाइटसारख्या लाव्हाबरोबर, काही तासांत किंवा दिवसांत. रेंगाळला तर कार्बन आपलं रूप बदलून पेन्सिलीतलं ग्राफाइट होतो. मोरोक्कोत बेनी बुसेरा इथं असे हिरे सापडतात. आकार हिऱ्याचाच, दोन पिरॅमिड बुडाशी जोडल्यासारखा, आणि आत सगळं काळं ग्राफाइट.

आपल्याकडेही न टिकलेले स्फटिक पुष्कळ आहेत. पाण्याचा स्वभाव आणखी बदलला तर जे त्यानं आणून ठेवलं तेच ते परत घेऊन जातं. कधी स्फटिकावर दुसऱ्या खनिजाचं कवच चढतं, आतला मूळ स्फटिक विरघळून जातो आणि बोटासारखी पोकळ नळी राहते. माझ्याकडे प्रेहनाइट नावाच्या खनिजाची अशी एक नळी आहे. पाहुणे तिच्याकडे बघत नाहीत, पण कपाटातला माझा सगळ्यात आवडता नमुना तोच. जे आत होतं त्याच्या कडा अजून बोटाला लागतात.

आणि एक स्फटिक मी स्वतः गमावला आहे. सहावीत होते. निफाड तालुक्यात मामांची विहीर खोदायचं काम चाललं होतं. सुरुंगाचा बार झाला की धूर बसेपर्यंत आम्हाला बांधावर थांबवत, मग यारीनं दगड वर येत. एका दगडाच्या कपारीत पांढरेशुभ्र, तिरक्या टोकाचे, काडीएवढे स्फटिक होते, पाण्यानं निथळत असलेले. एवढं सुंदर काही मी तोवर हातात धरलं नव्हतं. फडक्यात गुंडाळून नाशिकला आणलं आणि खिडकीशेजारच्या फळीवर, उन्हात चमकेल असं ठेवलं. दिवाळीपर्यंत त्याची कड विरविरीत झाली. संक्रांतीला मी हलकेच बोट लावलं आणि अख्खा स्फटिक पिठासारखा फळीवर सांडला. मी खूप रडले. कुणीतरी आदळला असेल असं मला वाटत राहिलं. मामा समजूत घालत म्हणाले, ‘अगं, तो खार असेल, गार नव्हे.’

तो लॉमोन्टाइट नावाच्या खनिजाचा स्फटिक होता, हे मला कॉलेजात कळलं. त्याच्या पोटातलं काही पाणी साध्या कोरड्या हवेतही निघून जातं, आणि पाणी गेलं की तो आतून तडकत, भुकटी होत जातो. विहिरीच्या ओल्या कपारीत तो किती काळ धड होता कोण जाणे, माझ्या फळीवर चार-पाच महिने टिकला. त्या दिवसापासून मला तुमचा प्रश्न उलटा दिसतो. ‘जमिनीत असूनही कसं टिकलं’ असं तुम्ही विचारता. पण अंधार, ओल, न बदलणारी ऊब आणि कुणाचा हात न लागणं, हे सगळं जमिनीतच होतं. त्याला खरा धोका सुरुंगापासून सुरू होतो. मग खडीचं क्रशर, ट्रकमधली आदळआपट, आणि शेवटी प्रेमानं उन्हात ठेवणारी एखादी मुलगी. आज रस्त्यांवर पसरलेल्या खडीत नीट बघितलंत तर चमकणारे पांढरे कण दिसतील. वाचलेले नमुने बघायचे असतील तर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतलं गारगोटी संग्रहालय पाहा, आणि मुलांना घेऊन जा.

घरी आणलेला स्फटिक गरम पाण्यानं धुऊ नका, लिंबू-व्हिनेगर लावू नका, दिव्याच्या झोतात ठेवू नका. मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं.

कपाटाच्या खालच्या खणात, काचेपासून लांब, घट्ट झाकणाची एक बरणी आहे. तिच्यात ओल्या स्पंजाचा तुकडा आणि त्याच्या शेजारी लॉमोन्टाइट, अजून पांढराशुभ्र, कड शाबूत. दर पंधरा दिवसांनी झाकण उघडून मी स्पंजावर थोडं पाणी घालते. पुढच्या वेळी आलात की मला आठवण करा, ती बरणीही दाखवीन.