परिपूर्ण संख्यांचा प्रोग्राम: पडद्यावर फक्त २४ आलं तर

स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज जिच्याइतकीच भरते, ती परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. पुढे ४९६, मग ८१२८. दहा हजारांच्या आत एवढ्या चारच. (शाळेच्या पुस्तकातली ‘पूर्ण संख्या’ वेगळी. ती ०, १, २, ३ अशी साधी रांग. दोन्हींची गल्लत नको.)

लूप आणि इफ शिकून झालं की सरावाला यापेक्षा चांगला प्रोग्राम क्वचितच मिळेल. एक तर तो सात ओळींचा आहे आणि खरं उत्तर आधीच माहीत आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे इथे बहुतेक प्रत्येक चुकीमुळे वेगळं उत्तर येतं. पडद्यावर काय आलंय ते नीट वाचलं, तर कुठल्या ओळीत घोटाळा आहे ते कळतं.

पायथॉनमधला गाभा असा. वाचायला सोपं जावं म्हणून सगळं देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना फॉर, इन, रेंज, इफ, प्रिंट हे शब्द आणि कोडमधले आकडे इंग्रजीच लागतात. ‘संख्या’, ‘बेरीज’ ही व्हेरिएबलची नावं मात्र पायथॉन ३ ला देवनागरीतही चालतात.

फॉर संख्या इन रेंज(१, १०००१):
    बेरीज = ०
    फॉर वि इन रेंज(१, संख्या):
        इफ संख्या % वि == ०:
            बेरीज = बेरीज + वि
    इफ बेरीज == संख्या:
        प्रिंट(संख्या)

% म्हणजे भागाकाराची बाकी. रेंजमधला शेवटचा आकडा धरला जात नाही, म्हणून १०००० पर्यंत जायला १०००१ लिहायचं. आतल्या रेंजमध्ये हीच गोष्ट आपल्या पथ्यावर पडते, कारण संख्या स्वतः आपोआप वगळली जाते.

आता चुका. पडद्यावर काहीच आलं नाही, ६ सुद्धा नाही, तर ‘बेरीज = ०’ ही ओळ बाहेरच्या लूपच्या वर गेली आहे. आधीच्या संख्यांची बेरीज साचत जाते आणि ६ ची पाळी संपेपर्यंत ती १२ झालेली असते. फक्त १ आला, तर आतल्या रेंजमध्ये ‘संख्या + १’ लिहिलंय आणि संख्या स्वतःही बेरजेत धरली जातेय. हीच आतली रेंज शून्यापासून सुरू केली, तर शून्याने भागण्याची एरर येऊन प्रोग्राम तिथेच थांबतो.

सगळ्यात बोलकी चूक २४ ची. कोणत्याही संख्येचा स्वतःखेरीज सगळ्यात मोठा विभाजक तिच्या निम्म्याच्या पुढे जात नाही, म्हणून आतला लूप निम्म्यापर्यंतच चालवणं योग्यच आहे. पण रेंज(१, संख्या // २) लिहिलं की नेमका निम्मा विभाजक गळतो. ६ मधला ३ गेला, २८ मधला १४ गेला. चारही खऱ्या संख्या बाद. उलट २४ मधले १२ गळले की उरतात १, २, ३, ४, ६, ८, आणि त्यांची बेरीज बरोबर २४! दहा हजारांपर्यंत चालवा, एवढी एकच संख्या येईल. उपाय म्हणजे ‘संख्या // २ + १’. भागाकाराची तिरपी रेघही दोनदाच हवी. एकदाच दिली तर दशांश उत्तर येतं आणि रेंज ते घेत नाही.

२४ बरोबर २०१६ आणि ८१९० दिसल्या, शिवाय प्रत्येक संख्या अनेकदा छापली गेली, तर दोष इंडेंटेशनचा, म्हणजे ओळीआधी सोडलेल्या जागेचा. शेवटचा इफ आतल्या लूपमध्ये सरकलाय आणि बेरीज पुरी व्हायच्या आधीच तुलना होतेय. २४ मध्ये ८ मिळवल्यावर बेरीज २४ होते, १२ अजून यायचेच असतात.

वरच्या कोडमध्ये दहा हजारांपर्यंत ४,९९,९५,००० वेळा बाकी काढली जाते. लूप निम्म्यावर थांबवला तर साधारण अडीच कोटी. खरी बचत वर्गमुळावर थांबण्यात आहे, तिथे हे काम सात लाखांच्या आत येतं. विभाजक जोडीने येतात: २८ मध्ये २ सापडला की १४ सापडलाच, ४ सापडला की ७. म्हणून बेरीज १ पासून सुरू करा, वि २ पासून, आणि वि * वि संख्येपेक्षा मोठा होईपर्यंत चाला; विभाजक सापडला की वि आणि संख्या // वि दोन्ही मिळवा. २८ साठी बेरीज १, मग १७, मग २८ होते आणि ५ नंतर लूप थांबतो. बाहेरचा लूप मात्र २ पासून घ्या, नाहीतर १ सुद्धा परिपूर्ण ठरतो.

इथे एक लपलेली चूक आहे. ३६ मध्ये ६ ची जोडी ६ शीच, त्यामुळे तो दोनदा मिळवला जातो आणि ५५ ऐवजी ६१ येतात. दोन्ही विभाजक वेगळे असतील तरच दुसरा मिळवायचा. पण ही अट विसरलात तरी दहा हजारांपर्यंतची यादी अगदी बरोबर येते! वर्गसंख्येच्या सर्व विभाजकांची बेरीज, तिला स्वतःला धरून, नेहमी विषम असते. परिपूर्ण संख्येची दुप्पट, म्हणजे सम असावी लागते. म्हणजे वर्गसंख्या कधीच परिपूर्ण नसते, म्हणून खरी संख्या गळत नाही. शिवाय दहा हजारांपर्यंत चुकून वाढलेली बेरीजही कुठल्या वर्गसंख्येइतकी भरत नाही, त्यामुळे चूक यादीत दिसतच नाही. म्हणून नुसती यादी पाहून समाधान मानू नका, बेरीज छापून बघा: १२ ला १६, ३६ ला ५५, १३ ला १.

सी मध्ये लिहिताना ‘बेरीज’ला सुरुवातीला ० द्यायचं विसरलात तर मेमरीतला कुठलाही कचरा तिच्यात असू शकतो. टर्बो सी सारख्या जुन्या कंपायलरवर इंट (पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार) १६ बिटांचा, कमाल ३२७६७. ८१२८ मावते, पण पाचवी परिपूर्ण संख्या ३,३५,५०,३३६ त्यात ठेवली की −४०९६ होते. तिथे लाँग हा मोठा प्रकार वापरा.

त्या पाचव्या संख्येपर्यंत एकेक संख्या तपासत जाणं वर्गमुळाच्या पद्धतीनेही पायथॉनला फार जड आहे. इथे युक्लिडचा नियम कामाला येतो: २ चा प वा घात वजा १ ही मूळ संख्या असेल, तर तिला २ च्या (प − १) व्या घाताने गुणा, परिपूर्ण संख्या मिळते. प = १३ घेतला की ८१९१ × ४०९६, हीच ती पाचवी. फक्त प मूळ आहे एवढ्यावर विसंबू नका: प = ११ ला २०४७ येतात आणि ते २३ × ८९ आहेत. सगळ्या सम परिपूर्ण संख्या याच साच्यातल्या असतात हे ऑयलरने सिद्ध केलं. विषम परिपूर्ण संख्या अजून एकही सापडलेली नाही, आणि नसतेच असंही सिद्ध झालेलं नाही. प = ३१ ची आठवी संख्या २३०५८४३००८१३९९५२१२८ सी च्या लाँग लाँग या ६४ बिटांच्या प्रकारात मावते. नववीला प = ६१ लागतो; ती तिथे मावत नाही, पायथॉनमध्ये मात्र काहीही न बदलता येते.