तुम्ही विचारलंत म्हणून: संगीत नाटकात मधेच एवढं गातात, वैताग येत नाही का?

संगीत नाटकाची आवड आहे म्हटलं की संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, हा प्रश्न ठरलेला. गोष्ट रंगात आलेली असते आणि नट थांबून दहा मिनिटं गातो, हे तुम्ही सहन कसं करता?

वैताग येतो की. पद वाईट बसवलेलं असेल तर नक्की येतो. पण तो गाण्यामुळं येत नाही, समोर खांबासारखं उभं असलेल्या दुसऱ्या पात्रामुळं येतो. पद चालू असताना ऐकणाऱ्या पात्राला काही करायला दिलेलं नसेल, तर नाटक तिथं थांबलंच म्हणून समजा. म्हणून माझा पहिला सल्ला हा, की गाणाऱ्याकडं जरा कमी बघा आणि ज्याच्यासाठी तो गातोय त्याच्याकडं जास्त बघा.

खरं तर आपल्याकडं हे परकं वाटू नये. नारदीय कीर्तनात बुवा आख्यान सांगता सांगता साकी घेतात, दिंडी घेतात; हे दोन्ही मात्रांत बांधलेले, गायचे छंद. मधेच का गायलात, असं त्यांना कुणी विचारत नाही. (वारकरी कीर्तनाची बांधणी वेगळी, ते इथं धरू नका.) अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं, त्यात हेच छंद आहेत. दिंडीची ओळ 19 मात्रांची, नवव्या मात्रेला थांबा. साकीची 28, म्हणजे 16 आणि 12. बोलण्याला लागूनच गाणं येतं आणि लगेच परत बोलणं सुरू होतं. म्हणून त्या नाटकाला दोनशेच्या आसपास पदं पेलली. आज इतकी कुणी ठेवत नाही, आणि ठेवूही नयेत.

लांबलेलं गाणं नंतरचं. खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ला (1916) भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या, तेव्हा रागदारी थाटात नाटकात आली. त्यातल्या रुक्मिणीचं पद ‘नाथ हा माझा’ यमन रागात आहे. यमन ओळखता येत नसला तरी काही बिघडत नाही. पहिली ओळ समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, परत येते ती पकडा आणि प्रत्येक वेळी ती कशी म्हटली जाते ते बघा. एकदा लाजून, एकदा ठामपणानं, एकदा स्वतःशीच. तिसऱ्यांदाही ती पहिल्यासारखीच आली तर गायिका फक्त गळा दाखवतेय, रुक्मिणी कधीच विंगेत गेली.

नवख्यांचं आणखी एक हमखास चुकतं. सुरुवात म्हणून ते बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं लावतात, खरखर ऐकतात आणि सोडून देतात. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळं पद कोंबलेलं असतं. श्वास घ्यायला जागा नाही, आधीचा संवाद नाही. त्यापेक्षा आधी त्या अंकाची संहिता वाचा, मग पद ऐका.

सुरुवातीलाच काय ऐकावं म्हणाल, तर देवलांच्या ‘शारदा’तलं (1899) ‘म्हातारा इतुका न’. पाऊणशे वयाच्या नवऱ्याची टिंगल आहे, लय चालती, शब्द सुटे. यात ताना घेणाऱ्याला माझ्याकडून टाळी नाही. त्यानंतर ‘कट्यार काळजात घुसली’ (1967). ‘घेई छंद मकरंद’ या एकाच पदाला संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी दोन चाली दिल्या, एक धानी रागातली, एक सालगवराळी रागातली. गाण्याच्या दोन घराण्यांचं भांडण हाच नाटकाचा विषय, आणि ते भांडण संवादाशिवाय ऐकू येतं. दोन्ही लागोपाठ ऐका. नाटकात गाणं कशाला, याला माझ्याकडं याहून चांगलं उत्तर नाही.

नाट्यगृहात बसायचं तर पाचवी ते आठवी रांग, मधोमध. अगदी पुढं बसलात तर ऑर्गन आणि तबला शब्द खातात; कडेला बसलात तर कानाशी स्पीकर. ऑर्गनची पट्टी, म्हणजे सुराची उंची, ठरलेली, ती प्रयोगात हलत नाही. तबला मात्र हवेवर जातो. आपल्या एप्रिलच्या कोरड्या उन्हात पुडी (वरचं कातडं) ताणून त्याचा सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. शिवाय पुरुषपात्र काळी एक या पट्टीच्या आसपास गाणार आणि बाई त्याहून उंच काळी चारच्या, म्हणजे तबलेही दोन लागतात. पडदा पडल्यावर तबला जुळवणाऱ्या हातोडीची ठकठक ऐकू आली तर चिडू नका. ती ऐकू आलीच नाही तर पुढच्या अंकाची काळजी करा.

मराठवाड्यात पूर्ण प्रयोग क्वचितच लागतात, कारण गाणारे नट, साथीदार, ऑर्गन असा सगळा संसार लांबून आणायचा तर खर्च तिकिटातून निघत नाही. म्हणून राज्य संगीत नाट्य स्पर्धेवर लक्ष ठेवा. तिकीट नाममात्र असतं, संच बहुतेक हौशी. गळे कमीजास्त निघतील, पण सलग तीन-चार संध्याकाळी वेगवेगळी नाटकं बघितली की कान आपोआप तयार होतो. जाताना नाटकातल्या पदांची यादी खिशात असू द्या आणि कोणती कापली त्यावर खूण करा. दिग्दर्शकाला नाटक कळलंय की नाही, ते त्या खुणांवरून मध्यंतरापर्यंत समजतं.