रिपोर्ट नॉर्मल, तरी जिना चढताना दम का लागतो

एप्रिल २०२१ मधे कोविडच्या दुसऱ्या लाटेत नागपुरात काय हालत होती ते वेगळं सांगायला नको, मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत, सगळीकडे बेडसाठी धावपळ, आणि आमचे मोठे भाऊजी तेव्हा ऑक्सिजनवर होते. वाचले, घरी आले. पण त्यानंतर कितीतरी महिने जिना चढला की अर्ध्यात बसून राहायचे. ऑक्सिमीटर ९७ दाखवायचं, स्पायरोमेट्री केली तर तीही नॉर्मल, मग नातेवाईक सुरू झाले, "काही नाही झालं त्यांना, भीतीनं घाबरून गेले बस." याचा मला अजूनही राग येतो.

कारण स्पायरोमेट्रीत फक्त हवा किती घेता आणि किती जोरात सोडता ते कळतं. दम्यासाठी ते ठीक. पण कोविडच्या न्यूमोनियात मार बसतो तो वायुकोशांच्या पातळ पडद्याला आणि त्याला लागून असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांना, म्हणजे हवा आत पोचते पण ऑक्सिजन रक्तात नीट उतरत नाही. त्याच्यासाठी डीएलसीओ नावाची वेगळी टेस्ट असते. अगदी किंचित कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढायची, दहा सेकंद श्वास धरून ठेवायचा, मग सोडायचा, त्यातला किती वायू रक्तात गेला ते मशीन काढून देते. वुहानच्या पेशंटना सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा जोरात सोडलेला हाय फ्लो ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोकांत ही क्षमता कमी निघाली होती. भाऊजींचीही कमीच आली. (हिमोग्लोबिन कमी असलं तरी हा आकडा खाली येतो, आपल्याकडे कितीतरी बायकांचं कमीच असते, म्हणून सीबीसीचा, म्हणजे रक्ततपासणीचा, रिपोर्ट सोबत न्या.)

बसल्या बसल्या ९७ आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सहा मिनिटं सपाट जागेवर चालायला लावतात ती वॉक टेस्ट जास्त खरं बोलते, चालताना ऑक्सिजन किती पडतो ते त्यात दिसते. ज्यांचं बसूनच ९४ च्या खाली आहे त्यांनी मात्र घरी हे करून बघू नये, सरळ डॉक्टर गाठावा.

आणि ते श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलवालं यंत्र! घरोघरी आलं, पण कितीतरी लोक त्यात फुंकत बसतात. ते ओढायचं असते हो, हळूहळू, लांब.

बहुतेकांची फुफ्फुसं काही महिन्यांत, वर्षभरात बरीच सुधारतात. ज्यांना फायब्रोसिसचे, म्हणजे फुफ्फुसातल्या व्रणांचे, डाग राहिले त्यांना वेळ जास्त लागतो, काहींचं पूर्ण भरून येतही नाही. भाऊजींना छातीच्या डॉक्टरांनी ओठ चंबूसारखे करून श्वास सोडायचा व्यायाम आणि रोजचं चालणं लावून दिलं, उन्हाच्या आधी, पहाटेच, कारण नागपूरचा मे महिना धडधाकट माणसालाही सोडत नाही. आता अंबाझरी तलावावर फिरायला जातात, मधे थांबावं लागते, पण जातात. तुमच्या घरी कोणी असं दमत असेल तर डॉक्टरांना डीएलसीओबद्दल नाव घेऊन विचारा, आणि तोवर कृपा करून त्या माणसाला घाबरट म्हणू नका.