तिसरा भाग सोडून कोरियन कशाला?

माझ्या मराठी फँटसी कादंबरीचा "तिसरा भाग कधी येतोय?" हे मी 2020 पासून ऐकतेय. गेली काही वर्षं त्याला पुढचा प्रश्न जोडून येतो: "आणि ते सोडून कोरियन काय शिकत बसलात?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, मेसेज करून विचारतात. परवा एका बाईंना दुसऱ्या भागाची प्रत कुरियरनं पाठवली, तर पैसे पाठवताना त्यांनीही खाली तेच लिहिलं. मी आजवर "चाललंय हळूहळू" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदा नीट सांगते.

आधी जे कारण नाही ते. मला दुभाषाची नोकरी नको आहे. रांजणगावात एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, कोरियन येणाऱ्यांना पुण्यात मागणी आहे, हे सगळं मला प्रत्येक जण एकदा सांगून जातो. चांगलंच आहे ते. माझा त्याच्याशी संबंध नाही. 2024 मध्ये कोरियन लेखिका हान कांगना साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा काहींनी "म्हणून होय!" असं म्हटलं. त्याच्या कितीतरी आधी मी शिकायला लागले होते. आणि मालिकांचं म्हणाल, तर सुरुवात मालिकेनंच झाली, ते नाकारत नाही. पण खरी सुरुवात त्याच्याही आधी, सांगलीला झाली.

जानेवारी 2020. एका मंगल कार्यालयात पुस्तक प्रदर्शन होतं. दुसरा भाग नुकताच छापून आला होता, ऑफसेटवर पाचशे प्रती, सगळा पैसा माझा. दोन प्रकाशकांनी "मराठीत असलं चालत नाही" म्हणून परत पाठवलेलं हस्तलिखित मी स्वतः डीटीपी करून घेतलं, प्रुफं स्वतः तपासली, आयएसबीएन स्वतः काढला. मधल्या रांगेत एक टेबल मिळालं होतं. दोन दिवसांत अकरा प्रती गेल्या होत्या आणि मी खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक आजोबा आले. निवृत्त शिक्षक असावेत. खिशाला पेन, हातात कापडी पिशवी. त्यांनी पुस्तक उचललं, चष्मा कपाळावर सरकवला, पान डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं आणि उभ्यानं वाचायला लागले. चार-पाच पानं वाचली असतील. मी काही बोलले नाही. कुणी आपलं पुस्तक आपल्यासमोर वाचत असलं की हात कुठं ठेवावेत ते कळत नाही. मी टेबलावरचे गठ्ठे सरळ करत राहिले. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि फार प्रेमानं म्हणाले, "अनुवाद छान झालाय हो. मूळ लेखक कोण?"

मी म्हटलं, "मीच."

त्यांना कळलं नाही. ते मुखपृष्ठ उलटसुलट करून पाहू लागले. "नाही, म्हणजे इंग्रजीत कुणी लिहिलंय?" मी पुन्हा सांगितलं की इंग्रजीत कुणीच लिहिलेलं नाही. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी मला दुखावलं हे त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि ते भरून काढायला त्यांनी लगेच साडेतीनशे रुपये काढून दिले, सही घेतली, "नातवाला देतो" म्हणाले. मी सही केली. अक्षर थरथरलं. ती प्रत त्यांनी घेतली नसती तर मी इतकी हलले नसते. टीका म्हणून बोलले असते तर मी भांडले असते. ते कौतुक करत होते.

रात्री स्टँडजवळच्या लॉजवर मी माझंच पुस्तक आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. "आपण रोखून धरलाय हे तिला माहीतच नसलेला श्वास तिनं सोडला." खाली रेघ. "'आपल्याला निघायला हवं,' तो म्हणाला, आपली तलवार म्यानात सरकवत." रेघ. "त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू खेळलं." रेघ. आणि खांदे! माझ्या पुस्तकात सगळे खांदे उडवतात. राणी उडवते, कोळीण उडवते, सत्तर वर्षांचे आचार्य उडवतात. पुढं घरी येऊन दोन्ही भागांत मोजलं, एकतीस वेळा. माझ्या आजीनं जन्मात कधी खांदे उडवले नाहीत. तिला एखादी गोष्ट पटली नाही की ती हातातलं भांडं जरा जोरात ठेवायची, नाहीतर ओठ मुडपून दुसऱ्याच विषयावर बोलायला लागायची. हे मी रोज पाहत वाढले आणि लिहायला बसले की मला खांदे आठवायचे.

पहाटे चार वाजता पेन्सिल खाली ठेवली. तोवर एकशे बारा पानं झाली होती.

पहिल्या भागाच्या प्रस्तावनेत मी लिहिलं होतं की मराठीत फँटसी नाही, म्हणून मी लिहिली. ते लिहिणाऱ्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, मला आजही भांडावंसं वाटतं. बाई, मराठी कादंबरी वाढलीच अद्भुतात. 1861 ची 'मुक्तामाला', 1868 ची 'मंजुघोषा', तेव्हाच्या वाचकाला याचीच चटक होती. आटपाट नगर तुझ्या आजीच्या तोंडी होतं. चकवा तुझ्या मामाला लागला होता, रात्रभर एकाच शेताला फेऱ्या मारत होता तो. तू वाचलं नव्हतंस, एवढंच लिहायचं होतंस. पण तिची बाजूही मला कळते. वयाच्या चौदाव्या वर्षापासून तिनं जे जीव लावून वाचलं ते सगळं इंग्रजीत होतं. तिचं स्वप्न ज्या भाषेतून आलं त्या भाषेची वाक्यं बरोबर घेऊन आलं. तिला लबाड म्हणता येत नाही.

सांगलीनंतर दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. भाची माझ्याकडे अडकली होती. ती कोरियन मालिका बघायची, मी शेजारी बसून भाजी निवडायची. एका प्रसंगात एक मुलगी वयानं मोठ्या सहकाऱ्याला म्हणते, "माल नोउसेयो." खाली इंग्रजीत आलं, माझ्याशी मोकळेपणानं वागा, अशा अर्थाचं काहीतरी. भाची म्हणाली, "मावशी, तसं नाहीये ते. ती म्हणतेय, मला अहो-जाहो नका करू." शब्दशः त्याचा अर्थ 'बोलणं खाली ठेवा' असा. मी निवडलेली मेथी तशीच हातात धरून बसले. तो अख्खा प्रसंग अहो वरून अगं वर येण्याचा होता, आणि इंग्रजीच्या चाळणीतून तो पूर्ण गळून गेला होता. मग मला माझ्या कादंबरीतली सावनी आठवली. दोन भाग, आठशे पानं, आणि सावनी आचार्यांना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकसारखं 'तुम्ही' म्हणते. रागात, भीतीत, ते मरायला टेकले असताना, एकसारखं. कारण माझ्या डोक्यात ते सगळं 'यू' होतं. जनाबाई विठ्ठलाला अरे-तुरे करते, चिडली की शिव्या घालते, आणि तेवढ्यानं ते नातं उभं राहतं. माझ्याकडे हे हत्यार जन्मापासून होतं. मी ते एकदाही काढलं नव्हतं.

म्हणून शिकायला लागले. इंग्रजीला वळसा घालून अद्भुताकडे जाणारा एखादा रस्ता आहे का, ते बघायचं होतं.

लिपी अवघड असेल ना, असं विचारतात. नाही. चौदा मूळ व्यंजनं, दहा मूळ स्वर. राजा सेजोंगनं 1443 मध्ये ती तयार केली, 1446 मध्ये जाहीर केली, आणि सामान्य माणसाला सहज यावी हाच तिचा हेतू होता. आठवड्यात येते. अवघड आहे ते कान. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द मला पहिले सहा महिने एकच वाटायचे. मुखवट्याचा 'थाल' आपल्याला जमतो, थ आपल्याकडे आहेच. मुलीचा 'त्ताल' हा 'पत्ता' मधल्या दाबलेल्या त चा, फक्त तो शब्दाच्या सुरुवातीला आणायचा. चंद्राचा त सैल, द आणि थ यांच्या मध्ये कुठंतरी लोंबकळणारा. माझी शिक्षिका पडद्यावरून सांगायची, "तोंडासमोर कागद धरा. मुलीला कागद हलता कामा नये." मी कागद धरून "मुलगी, मुलगी" म्हणत बसायची आणि कागद हलायचा.

पण वाक्य! वाक्य पहिल्या दिवसापासून घरचं होतं. क्रियापद शेवटी. 'मी काल वाचलेलं पुस्तक' हे कोरियनमध्ये त्याच क्रमानं येतं. 'तो म्हातारा, जो पुलापाशी उभा होता' असं तिथं म्हणताच येत नाही, 'जो' नाहीच. 'पुलापाशी उभा असलेला म्हातारा' असंच म्हणावं लागतं. आणि 'म्हणे'. पाऊस येतोय म्हणे. कोरियनमध्ये ही ऐकीव बातमीची खूण क्रियापदाला चिकटून शेवटीच येते, 'पीगा ओन्दे'. माझ्या कोरियनच्या पाठ्यपुस्तकात ती इंग्रजीत समजावलेली होती, 'दे से दॅट' असं आधी लावून. मी ते खोडलं आणि वर 'म्हणे' लिहिलं. मग पुस्तकभर खोडत गेले. ते पुस्तक आता माझ्याकडची सगळ्यात आवडती वस्तू आहे.

अर्थात, ते पाठ्यपुस्तक इंग्रजीतलंच होतं हेही खरं. इंग्रजी टाळायला निघाले आणि इंग्रजीच्याच बोटाला धरून चालले. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

दुसरा आक्षेप माझ्या भावाचा. "आधी इंग्रजांचं उसनं घेतलंस, आता कोरियनांचं घे." याचा मला राग येतो, कारण तो निम्मा बरोबर आहे. तोक्केबी नावाचं त्यांचं एक भूत आहे. वापरून टाकलेल्या जुन्या वस्तूंतून ते तयार होतं, बऱ्याच गोष्टींत तर जुन्या केरसुणीतून. रात्री वाटसरूला अडवून कुस्ती खेळायला लावतं, सकाळी बघावं तर झाडाला बांधलेली केरसुणी. हे वाचलं तेव्हा मी उठून स्वयंपाकघराच्या दारामागची केरसुणी बघून आले. तिला पाय लागला तर नमस्कार करायला मला आजीनं शिकवलंय, दर दिवाळीत आम्ही तिची पूजा करतो, आणि मी सह्याद्रीत ड्रॅगन बसवला होता. आता मी तोक्केबी आणून बसवणार नाही. पण केरसुणीकडे माझं लक्ष जायला सोल मार्गे फेरा पडला, आणि हे सरळ घरच्या घरी का घडलं नाही, ते मला सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. कोरियनमध्ये मला गुण मिळतात. तोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची पहिली पातळी दिली, तीस प्रश्न ऐकण्याचे, चाळीस वाचनाचे, शंभर मिनिटं, दोनशे गुण. 140 ला दुसरी श्रेणी मिळते, मला 133 मिळाले, म्हणजे पहिलीच मिळाली. तरी त्या दिवशी मी पेढे आणले. लिहिण्यात असा दिवस येत नाही. पलंगाखाली अजून 180 प्रती आहेत, त्यांना कुणी गुण देत नाही. तर मी पळतेय का? काही आठवडे, हो. संध्याकाळी दोन तास असतात, आणि प्रकरण उघडण्यापेक्षा शब्दांच्या चिठ्ठ्या पाठ करणं सोपं असतं. तुम्ही हेच विचारता तेव्हा म्हणूनच मी चिडते.

पण प्रकरण उघडं आहे. तिसऱ्या भागातलं चौदावं. सावनी दार उघडते. समोर आचार्य, ज्यांनी तिच्या गावाचा सौदा केला. तिनं त्यांना काय म्हणायचं? 'तुम्ही' आता खोटं. 'तू' लिहून पाहिलं. त्यात ती एका क्षणात जिंकते, आणि ती जिंकलेली नाही. शिक्षिकेला मी हे मोडक्या कोरियनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, आमच्याकडे मोठ्या माणसाला 'तू' काय, 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाहीत, पदानं हाक मारतात. आणि अनोळखी माणसाला कधी 'कुच्चोक' म्हणतात. शब्दशः, 'तिकडची बाजू'.

मला आजी आठवली. आजोबांचं नाव न घेता, 'तुम्ही' न म्हणता ती विचारायची, "इकडून येणं कधी झालं?" आणि रुसली की त्यांच्या तोंडावर, जणू ते खोलीत नाहीतच अशी, "तिकडून येणं झालं वाटतं."

तेच वाक्य मी सावनीला दिलंय. दार उघडून ती म्हणते, "तिकडून येणं झालं वाटतं." वाचणाऱ्याला हे नवरा-बायकोचं बोलणं वाटेल, ही भीती आहे. ते आजीकडून आलंय की बुधवारच्या कोरियनच्या तासातून, हेही मला ठरवता येत नाही. सांगलीचे आजोबा भेटले तर त्यांना उभ्यानं हे पान वाचायला देईन म्हणते. सध्या ते पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, आणि पुढचं वाक्य आचार्यांचं आहे.